पुण्यात छोटं खानदेशी हॉटेल काढायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव-धुळ्याकडची चार माणसं पुण्यात एकत्र आली की पाच मिनिटांत शेवभाजीचा विषय निघतो आणि दहाव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतंच, आपण एक हॉटेल टाकू ना भाऊ. मी खानावळ चालवते, त्यामुळे त्यानंतरचा फोन बऱ्याचदा मला येतो. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकते. आकडे उपनगरातली पंचवीस-तीस खुर्च्यांची जागा धरून दिलेत, तुमच्या भागाप्रमाणे ते बदलून घ्या.

सगळे म्हणतात माझ्या हातची शेवभाजी एक नंबर होते. तेवढ्यावर हॉटेल चालेल का?

नाही. म्हणणारे सगळे तुमच्याकडे फुकट जेवलेले आहेत आणि बहुतेक सगळे खानदेशातलेच आहेत, ते वाईट कशाला म्हणतील. हॉटेलात लागणारी गोष्ट वेगळी आहे, तीच चव रोज, आणि तुम्ही जागेवर नसतानाही, दुसऱ्याच्या हातून यायला हवी. काळ्या मसाल्याचंच घ्या. घरी चार माणसांचं सुकं खोबरं भाजताना नुसत्या वासावर कळतं की आता उतरवायचं, पण कढईत तीन किलो खोबरं असतं तेव्हा खाली करपायला लागलेलं वरून दिसत नाही, आणि एकदा का ते करपलं की अख्ख्या दिवसाचा रस्सा कडवट होतो, मग गूळ घाला नाहीतर काही घाला, तो सुधरत नाही. त्यामुळे आधी सगळं वजनावर आणा. 'अंदाजे मूठभर' हा शब्द बंद. खोबरं, कांदा, धणे, मिरची, लवंग, सगळं काट्यावर तोलून लिहा आणि तो कागद दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देऊन त्याच्याकडून भाजी करून घ्या, तुम्ही किचनच्या बाहेर बसा. ती भाजी तुम्हाला विकाविशी वाटली तर पुढचे प्रश्न वाचा.

पुण्यातल्या लोकांना खानदेशी म्हणजे काय ते माहीत तरी आहे का? कोल्हापुरी, मालवणी सगळ्यांना कळतं.

थोडंफार माहीत आहे. हायवेवरच्या ढाब्यांमुळे शेवभाजी कळते, भरीत कळतं. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, पातोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा, वरण-बट्टी (वरणासोबत कणकेचे गोळे) सांगावी लागते. जळगाव, धुळे, नंदुरबार आणि मालेगाव-सटाण्याकडची भरपूर मंडळी नोकरी-शिक्षणासाठी पुण्यात आहेत, भोसरी, चाकण, हिंजवडी, वारजे कुठेही जा, ती पहिल्या महिन्यात शोधत शोधत येतात. पण ती येतात रविवारी, फॅमिली घेऊन, गाडी काढून. मंगळवारी दुपारी लांबून कोण येणार? मंगळवारी तुमच्या खुर्च्या भरणार शेजारच्या बँकेतला सोलापूरचा माणूस, समोरच्या क्लासमधली लातूरची पोरं, त्यांना खानदेशीचं कौतुक नाही, त्यांना गरम आणि पोटभर हवंय. तेव्हा ठरवताना आपल्या माणसांचा विचार कमी आणि या लोकांचा जास्त करा.

आणि आपली माणसं शेरे मारतातच बरं का. रावेरचा म्हणणार हे आमच्यासारखं नाही, शिरपूरचा म्हणणार तिखट कुठंय. लेवा पाटलांच्या घरचं वेगळं, अहिराणी पट्ट्यातलं वेगळं, दोघांचंही खरं असतं, हो म्हणायचं आणि अजून एक भाकरी वाढायची.

मेनूत काय काय ठेवू?

कमी ठेवा. एक थाळी: शेवभाजी किंवा पातोडीचा रस्सा, एक सुकी भाजी, भाकरी, ठेचा, कांदा, भात-वरण. आठवड्यातून एक दिवस वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, वार ठरवून, म्हणजे लोक त्या वाराला येतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस आणि खापरावरची (पालथ्या मातीच्या भांड्यावर भाजलेली) पुरणपोळी, ती पण आधी ऑर्डर घेऊनच, कारण खापरावर मांडा, म्हणजे ही मोठी पोळी, टाकणारी बाई पुण्यात सहज मिळत नाही आणि मिळाली तर त्या दिवशी ती स्वतःच्या घरी असते. पनीर, मंच्युरियन वगैरे एकदा घेतलं की हळूहळू तेच जास्त खपतं आणि मग तुम्ही कोपऱ्यावरच्या इतर दहा हॉटेलांसारखे होता.

भरीत वर्षभर देता येईल का?

देता येईल पण देऊ नका, निदान तेच भरीत म्हणून तरी नको. भरताचं हिरवं मोठं वांगं हे थंडीचं पीक आहे. बामणोद, भालोद, आसोदा या भागातलं वांगं प्रसिद्ध आहे, जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये जीआय मानांकन पण मिळालं. चंपाषष्ठीला खंडोबाला भरताचा नैवेद्य दाखवून घरोघरी वांगं खायला सुरुवात होते ती काही उगाच नाही, चव तेव्हाच असते. उन्हाळ्यात मिळणारं वांगं बियाळ, त्याला तो गर नाही. माल रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या गाडीतून पार्सल म्हणून मागवता येतो, सकाळी स्टॉपवर जाऊन उतरवून घ्यायचा, पण त्यासाठी तिकडे ओळखीचा शेतकरी नाहीतर व्यापारी पाहिजे जो वरचा थर चांगला आणि खाली मऊ पडलेली असं भरून पाठवणार नाही.

भाजण्याचा प्रश्न वेगळाच आहे. गावाकडे कपाशीच्या काड्यांवर भाजतात, त्या धुराचीच अर्धी चव असते. सोसायटीच्या खाली दुकान असेल तर तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरून तक्रार येते. गॅसवर भाजलेलं चालतं, बरं लागतं, पण मग गिऱ्हाइकाला 'गावासारखं' असं सांगून फसवू नका, खानदेशी माणूस पहिल्या घासाला ओळखतो. मागे मोकळी जागा असेल तर थंडीचे तीन महिने शनिवार-रविवार भरीत पार्टी ठेवा, आगाऊ पैसे घेऊन. त्यात कमाई चांगली आहे.

सगळ्यात मोठी अडचण कोणती?

भाकरी. लोकांना वाटतं भाडं, किंवा आचारी. नाही, भाकरी.

रस्सा सकाळी होऊन जातो, भात होऊन जातो. भाकरी मात्र गिऱ्हाईक बसल्यावर तव्यावर पडते आणि ती गरमच द्यावी लागते, गार झालेली कळण्याची भाकरी कडक होते, शेवभाजीत चुरून खाल्ली तर ठीक पण पानात तशी ठेवली की लोक तोंड वाकडं करतात. दुपारी सव्वाला चार टेबलं एकदम भरतात, सोळा माणसं, प्रत्येकी दोन म्हटलं तरी बत्तीस भाकऱ्या, आणि त्या वेळी थापणाऱ्या मावशीचा हात जेवढा चालेल तेवढंच तुमचं हॉटेल चालतं. खुर्च्या वाढवून काही उपयोग नाही, आधी तवे आणि हात वाढवा.

मशीनची मिळते, ज्वारीची बरी होते. कळण्याचं पीठ, म्हणजे ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेलं, ते चिकट असतं, ते हातानेच नीट होतं असं माझं मत आहे. मावशी किमान दोन पाहिजेत, एक सुट्टीवर गेली तर दुसरी. पगार वेळेवर, बसायला स्टूल, डोक्यावर पंखा नाही पण धूर ओढणारा एक्झॉस्ट चांगला, दुपारी सगळ्यांच्या आधी जेवण. मावशी टिकली तर हॉटेल टिकलं. सुरू करायचं की नाही हे ठरवताना पहिली चौकशी जागेची करू नका, भाकरीवाली मिळते का ते बघा.

हिशोब कसा मांडायचा? रोज किती थाळ्या गेल्या पाहिजेत?

उदाहरण म्हणून मांडते, आकडे गृहीत धरलेले आहेत, पद्धत बघा.

भाडं ६०,००० धरू. तुम्ही जीएसटीत नोंदणी केलेली असेल तर भाड्यावर १८ टक्के टॅक्स आलाच, मालक नोंदणीकृत असेल तर तो लावतो, नसेल तर ऑक्टोबर २०२४ पासून तो तुम्हालाच भरावा लागतो, आणि गिऱ्हाइकाला ५ टक्के जीएसटी लावणाऱ्या रेस्टॉरंटला त्याचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो आपल्या टॅक्समधून वजा करता येत नाही. हे बऱ्याच जणांना दुकान सुरू झाल्यावर कळतं. म्हणजे भाडं झालं ७०,८००. आचारी ३०,०००, दोन भाकरीवाल्या मिळून ३६,०००, दोन वाढपी-हेल्पर ३०,०००, भांडीवाली १२,०००, पगार झाले १,०८,०००. गॅस, वीज, पाणी ३५,०००. सीए, पेस्ट कंट्रोल, फुटलेले ग्लास, बंद पडलेला मिक्सर असं सटरफटर १५,०००. बेरीज २,२८,८००.

आता थाळी १८० रुपये, टॅक्स वेगळा. त्यात माल ६५ चा. उरले ११५. भागाकार केला की महिन्याला जवळपास १,९९० थाळ्या, आठवड्याची एक सुट्टी धरून २६ दिवस, रोज ७७. इथे तुम्हाला स्वतःला एक रुपया मिळत नाही. घरी ५०,००० न्यायचे असतील तर रोज ९३-९४. कर्जाचा हप्ता अजून धरलेलाच नाही.

अठ्ठावीस खुर्च्या असतील तर ७७ म्हणजे दिवसात पावणेतीन वेळा सगळं हॉटेल भरलं पाहिजे. रविवारी सहज होतं. प्रश्न आहे पावसाळ्यातल्या मंगळवारचा. त्या दिवशी पन्नास जातील का, हे स्वतःला विचारा आणि खोटं उत्तर देऊ नका.

मालाचे ६५ पण कायम ६५ राहत नाहीत. आपल्या जेवणात लसूण आणि हिरवी मिरची बदाबदा लागते, २०२४ मध्ये लसूण किरकोळीत किलोला चारशेच्या घरात गेला होता, तेव्हा ठेचा फुकट वाढणाऱ्यांचे हाल झाले. व्यावसायिक १९ किलोच्या सिलिंडरचा दर साधारण दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो. घरगुती सिलिंडर वापरून वाचवू असं मनातसुद्धा आणू नका, बेकायदा आहे, आणि काही झालं तर विमाही हात वर करतो.

जागा कशी बघायची?

भाडं विचारायच्या आधी नळ, गटार आणि वीज बघा. मंजूर लोड किती आहे, थ्री फेज आहे का, खरकट्याचं पाणी कुठं जातं, धुराचा पाइप गच्चीपर्यंत न्यायला सोसायटी लेखी परवानगी देते का. तोंडी 'हो हो, घ्या करून' म्हणणारा चेअरमन पुढच्या वर्षी बदलतो आणि नवीन चेअरमनला फोडणीच्या वासाने खोकला येतो.

दुसरं म्हणजे करार. अकरा महिन्यांच्या करारावर तीन-चार लाखांचा एक्झॉस्ट, टाइल्स, भट्टी बसवणारे लोक मी बघितलेत, बारावा महिना लागला की मालक भाडं दुप्पट सांगतो कारण त्याला माहीत असतं तुम्ही भट्टी उचलून कुठं जाणार नाही. तीन ते पाच वर्षांचा घ्या, दरवर्षी वाढ किती टक्के ते लिहून घ्या, आणि लॉक-इन (जितके महिने करार मोडता येत नाही ती मुदत) मालकाला असू दे, तुम्हाला कमीत कमी. भाड्याचा करार नोंदवणं कायद्याने सक्तीचं आहे, 'नोटरी करू, खर्च वाचेल' ऐकू नका. काम करून घ्यायला महिना-दीड महिना जातो, तेवढ्या दिवसांचं भाडं माफ मागा, मागितलं तर बरेच मालक देतात, न मागता कुणी देत नाही.

आणि त्या जागी आधी हॉटेल होतं का आणि ते का बंद झालं, ते शेजारच्या पानटपरीवर विचारा, ब्रोकरला नाही.

कोणकोणते परवाने लागतात?

एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेचा परवाना, सगळ्यात आधी, उलाढालीप्रमाणे साधी नोंदणी की राज्याचं लायसन्स ते ठरतं, मर्यादा बदलत असतात म्हणून एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर चालू नियम बघूनच अर्ज करा. तो १४ आकडी नंबर बिलावर छापणं १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचं आहे. शॉप अ‍ॅक्ट ऑनलाइन होतं. महापालिकेच्या आरोग्य विभागाचं आणि फायरचं काय लागतं ते वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारा, जागा घ्यायच्या आधी. कामगारांची वैद्यकीय तपासणी, पाण्याचा रिपोर्ट, पेस्ट कंट्रोलची पावती एका फायलीत लावून काउंटरखाली ठेवा.

जीएसटीला आपल्यासारख्या सेवेसाठी २० लाखांची मर्यादा आहे, वरच्या हिशोबातलं हॉटेल ती ओलांडतंच. साधी नोंदणी की कंपोझिशन (लहान धंद्यांसाठी उलाढालीवर ठराविक टक्के टॅक्स भरायची सोपी योजना), ते सीएला विचारा, कंपोझिशनमध्ये गिऱ्हाइकाच्या बिलावर टॅक्स लावता येत नाही, तो तुमच्या खिशातून जातो, पण भाड्यावरच्या टॅक्सचं गणित तिथे वेगळं होतं. दोन्ही मांडून बघा.

पाटी इंग्रजीत चालेल का?

मराठीत देवनागरी पाहिजेच, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही ते लागू आहे, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत. तसंही खानदेशी हॉटेलला इंग्रजी पाटी कशाला?

झोमॅटो-स्विगीवर घ्यावं का?

घ्या, पण त्यावर हॉटेल चालेल असं समजू नका. कमिशन साधारण वीस ते तीस टक्क्यांत जातं. पंचवीस धरा, १८० च्या थाळीवर ४५, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ५३. डबे-पिशवी १२. दुकानात ११५ उरायचे तिथे ५० उरले, आणि वर ते ऑफर लावा म्हणून मागे लागतात, ती ऑफर बऱ्याचदा तुमच्याच खिशातून. म्हणून लोक अ‍ॅपवर भाव चढे ठेवतात, मी पण ठेवते.

शेवभाजी पाठवताना शेव वेगळी द्या. रस्स्यात घालून पाठवली की अर्ध्या तासात तिचा लगदा होतो आणि एक स्टार येतो. भाकरी फॉइलमध्ये घट्ट गुंडाळली तर वाफेने ओली होते, आधी कागद, मग फॉइल. तरीही घरपोच भाकरी ही हॉटेलातल्यासारखी लागत नाहीच, म्हणून मी अ‍ॅपवर पोळीचा पर्याय ठेवलाय, आमच्याकडच्या एक-दोन जुन्या गिऱ्हाइकांना ते आवडलं नाही, असो.

नॉनव्हेज ठेवू का?

खानदेशी काळ्या रश्श्याचं मटण खपतं, बिल मोठं होतं. पण माल महाग, उरला तर तोटा मोठा, श्रावणात आणि नवरात्रात विक्री बसते, आणि सोमवार-गुरुवार-शनिवार न खाणारे भरपूर. शिवाय नॉनव्हेज सुरू केलं की दारूची चौकशी करणारे लोक येतात. मी शुद्ध शाकाहारी ठेवलं कारण आमच्याकडे दुपारी मुली-बायका एकट्या येऊन जेवतात आणि मला तो धंदा जास्त भरवशाचा वाटतो. हा माझा कल झाला, चाकणसारख्या कामगार वस्तीत मी कदाचित उलटं केलं असतं.

पैसे कुठून उभे करायचे? पार्टनर घेऊ का?

मुद्रा या सरकारी कर्ज योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाख, तरुण १० लाख, आणि तरुण फेडलेल्यांना आता २० लाखांपर्यंत मिळू शकतं. बँक मॅनेजर प्रोजेक्ट रिपोर्ट मागेल, वरचा थाळीचा हिशोब नीट टाइप करून न्या. सगळी जमापुंजी फर्निचरमध्ये घालू नका, सहा महिन्यांचं भाडं आणि पगार बाजूला असल्याशिवाय शटर उघडू नका. लाकडी चौपाई, बैलगाडीचं चाक, भिंतीवर वारली, हे सगळं नंतर.

पार्टनर मेहुणा असो नाहीतर कॉलेजचा मित्र, कोण सकाळी सहाला मार्केट यार्डात जाणार आणि कोण रात्री अकराला गल्ला मोजणार ते लिहून ठेवा. भांडणं नफ्यावरून कमी आणि यावरून जास्त होतात.

नोकरी सोडायच्या आधी ट्राय कसं करायचं?

घरून एफएसएसएआय नोंदणी करून डबे सुरू करा, शनिवार-रविवार, सोसायटीच्या ग्रुपवर. फक्त खानदेशी लोकांना देऊ नका. अनोळखी माणसाने पूर्ण पैसे देऊन तिसऱ्यांदा मागवलं तर ती खरी दाद. दुसरं, कुठल्या तरी चालू खानावळीत महिनाभर काम करा, पगार मागू नका, फक्त किचनमध्ये उभं राहू द्या म्हणा. बरेच जण दुसऱ्या आठवड्यात मला फोन करून सांगतात, ताई, आमचं रद्द झालं. वाईट काय त्यात? दहा-पंधरा लाख वाचले.

नाही चाललं तर कधी थांबायचं?

आकडा आधीच ठरवा आणि घरच्यांना सांगून ठेवा, एवढे पैसे गेले की बंद. सुरू झाल्यावर ठरवलं तर तो आकडा दर महिन्याला पुढे सरकतो, 'दिवाळीनंतर बघू', मग 'मार्चनंतर बघू'. माझ्या मते सहावा महिना संपताना आठवड्याच्या दिवसांची विक्री हळूहळू का होईना वाढत असेल तर ओढा, रविवारच्याच जोरावर चालत असेल तर जागा लहान करा नाहीतर नुसते डबे आणि ऑर्डरीवर या. सामान विकायला काढलं तर निम्मी किंमतसुद्धा येत नाही, म्हणून भट्टी, फ्रीजर, टेबलं शक्यतो जुनीच घ्या, फक्त ग्राइंडर नवीन घ्या, काळा मसाला जुन्या ग्राइंडरला झेपत नाही.